मराठी संकेतस्थळांची सुगम्यता आणि दृष्टिबाधित वाचक : एक चिकित्सक विचार

सारांश :
संकेतस्थळे अपंग व्यक्तींना वापरता यावीत, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने तंत्रज्ञान व कायदा या दोन अंगांनी होते. मराठीच्या बाबतीत हा प्रश्न त्याआधी संहितेचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पडद्यावर दिसणारे मराठी अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणून साठवलेले नसेल, तर दृष्टिबाधित वाचकाच्या दृष्टीने ते पान कोरेच असते. जुने टंक, छायाचित्ररूप मजकूर आणि भाषेची नोंद नसणे या तीन कारणांची येथे चिकित्सा केली असून, महाविद्यालयीन संशोधनपत्रिकांच्या प्रथाही त्या कसोटीवर तपासल्या आहेत.

बीजशब्द : सुगम्यता, दृष्टिबाधित वाचक, स्क्रीन रीडर, युनिकोड, मराठी संहिता, संकेतस्थळ.

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच आठवड्यात, ५ मे १९९९ रोजी, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने संकेतस्थळे अपंग व्यक्तींना वापरता यावीत यासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. आज पाव शतकानंतर मात्र तो जोडावा लागतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील विद्यार्थ्याचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज आणि निकाल, तसेच त्याच्या घरचा सातबारा, हे सर्व आता संकेतस्थळावरून मिळते. जे काम पूर्वी कार्यालयाच्या खिडकीशी होत असे, ते पडद्यावर होऊ लागले. अशा वेळी ज्याला पडदा दिसत नाही त्याचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. यात दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल व बौद्धिक अक्षमता अशा अनेक प्रकारच्या व्यक्तींचा समावेश होतो आणि प्रत्येकाची संकेतस्थळाकडून असणारी अपेक्षा वेगळी असते. कर्णबधिराला चित्रफितीखाली मजकूर हवा, हात थरथरणाऱ्याला माउसशिवाय केवळ कळफलकावर चालणारे पान हवे, तर बौद्धिक अक्षमता असणाऱ्याला सोपी वाक्ये हवीत. प्रस्तुत लेखाची मर्यादा दृष्टिबाधित वाचकापुरती ठेवली आहे. कारण मराठी भाषेच्या लेखनव्यवहाराशी या प्रश्नाचा संबंध तेथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो.

या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग कारणीभूत ठरला. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याला मराठी विषयाच्या टिपणांची हस्तलिखित पाने मोबाइलवर छायाचित्रे काढून पाठवली होती. इतर विद्यार्थ्यांनी ती उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी या विद्यार्थ्याने अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, तुम्ही पाठवलेली पाने कोरी आहेत का? माझा मोबाइल नुसतं ‘फोटो’ म्हणतो आणि गप्प बसतो.” पाने कोरी नव्हती, परंतु त्याच्यापुरती कोरीच होती. ती टिपणे पुन्हा टंकलिखित करून पाठवण्यास दोन संध्याकाळी लागल्या. चूक कोणत्याही यंत्राची नव्हती, ती पाठवणाऱ्याची होती.

१. सुगम्यतेची संकल्पना :
दृष्टिबाधित व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यामागे साठवलेला मजकूर ही प्रणाली क्रमाने घेते आणि कृत्रिम आवाजात वाचून दाखवते. विंडोजसाठी जॉज ही विकत घ्यावी लागणारी प्रणाली १९९५ पासून उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए ही प्रणाली मोफत मिळते. अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक ही सोय असते. म्हणजे खेड्यातील विद्यार्थ्याच्या हातीही आज वाचनाचे साधन आहे. प्रश्न आहे तो त्या साधनाला वाचण्याजोगे काही मिळते का, हा.

उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांच्या पुढील आवृत्त्या २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या. २००८ पासून त्यांची मांडणी चार सूत्रांवर आधारलेली आहे. मजकूर कोणत्यातरी इंद्रियाने जाणवला पाहिजे, पान हाताळता आले पाहिजे, त्यातील आशय समजला पाहिजे आणि निरनिराळ्या साधनांवर तो टिकला पाहिजे. चित्राला पर्यायी वर्णन हवे, शीर्षके शीर्षक म्हणूनच नोंदलेली हवीत, दुव्याचे नाव अर्थपूर्ण हवे, असे नियम त्यातूनच येतात. पानावर वीस ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ लिहिले असेल तर डोळस वाचक आजूबाजूचा मजकूर पाहून अर्थ लावतो, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याच्या कानावर वीस वेळा तेच निरर्थक वाक्य पडते.

या नियमांचे उल्लंघन हा भेदभाव ठरू शकतो, हे जगात लवकरच मान्य झाले. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावरील चित्रांना पर्यायी मजकूर नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने केली होती. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० साली ती मान्य केली आणि आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर नुकसानभरपाई देण्यास सांगितले.

२. वाचक म्हणजे कोण? :
साहित्यसमीक्षेत ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना वोल्फगांग इझर यांच्यामुळे रूढ झाली. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतूनच एका वाचकाची कल्पना करीत असते, असे तिचे सार सांगता येईल. संकेतस्थळालाही हे लागू पडते. लाल रंगातील अक्षरे म्हणजे अत्यावश्यक सूचना, असे जे पान गृहीत धरते त्याचा अभिप्रेत वाचक रंग ओळखणारा असतो. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, असे जे पान सांगते, त्याने माणूस असण्याची कसोटी डोळ्यांवर ठरवलेली असते.

वास्तविक डोळ्यांनी मूकपणे वाचणे हीच वाचनाची एकमेव रीत मानण्याचे मराठीला कारण नाही. ‘वाचणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूत आहे. वाचणे म्हणजे मुळात लिहिलेल्याला बोलते करणे. पोथीवाचन, पारायण, कीर्तन या परंपरांत एक वाचतो आणि अनेक ऐकतात. ज्ञानेश्वरीतील संबोधन श्रोत्यांना आहे, हे आपण वर्गात आवर्जून शिकवतो. अक्षरओळख नसलेल्या असंख्य स्त्री-पुरुषांनी ग्रंथ ऐकून आत्मसात केले आणि त्यांना कोणी अर्धे वाचक मानले नाही. या दृष्टीने पाहता स्क्रीन रीडर ही परकी वस्तू नसून पोथी वाचून दाखवणाऱ्याचे यांत्रिक रूप होय. कानाने ग्रहण करणारा वाचक मराठीत जुनाच आहे. त्याला बाहेर ठेवणारी पाने मात्र नवी आहेत.

३. अक्षर की केवळ आकृती? :
मराठी संकेतस्थळांचा सर्वांत मूलभूत दोष टंकाशी संबंधित आहे. युनिकोडमध्ये देवनागरीतील प्रत्येक वर्णाला स्वतंत्र संकेतांक आहे. ‘ह’ लिहिले की संगणकात ‘ह’च साठवला जातो. त्यापूर्वीच्या टंकांची रीत वेगळी होती. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवलेली असे. कृतिदेव टंकात ‘हिंगोली’ हा शब्द लिहिला असता संगणकाच्या स्मृतीत एफ, जी, ए, एक्स, के, एस, वाय, एच ही आठ इंग्रजी अक्षरे साठवली जातात. डोळ्याला ‘हिंगोली’ दिसते, स्क्रीन रीडरला मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ मिळते. त्यातही पहिले अक्षर ऱ्हस्व वेलांटीचे असते, कारण ती आकृती डावीकडे दिसते म्हणून ‘ह’च्या आधी टंकलिखित होते. येथे भाषेचा क्रम मोडून दिसण्याचा क्रम साठवला जातो. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, तो ब्रेलमध्ये रूपांतरित करता येत नाही आणि टंक बदलला की डोळस वाचकालाही तो वाचता येत नाही.

हे टंक टिकून राहण्यास कारणे आहेत. त्यांपैकी काहींचा कळफलक जुन्या टंकलेखन यंत्रासारखा असल्यामुळे यंत्रावर शिकलेल्या टंकलेखकाची बोटे त्यावर सहज चालतात. शिवाय लहान शहरांतील मुद्रणालयांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या पेजमेकर या आज्ञावलीला देवनागरी युनिकोड हाताळता येत नसे, त्यामुळे मुद्रकांनी जुने टंक सोडले नाहीत. उदरनिर्वाह त्या सवयीवर अवलंबून असलेल्या माणसाला दोष देणे योग्य होणार नाही. परंतु संस्थांना ही सबब चालणार नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे देवनागरी लिपी व वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवून दिले. ‘ल’ आणि ‘श’ कसे लिहावेत याची काळजी आपण घेतली. तीच काळजी ते कसे साठवावेत याबाबत घेणे तितकेच आवश्यक आहे.

याउलट चांगली उदाहरणेही आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर युनिकोड संहितेच्या रूपात उपलब्ध आहेत. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया प्रारंभापासून संहितारूप आहे. या दोन्ही ठिकाणी दृष्टिबाधित विद्यार्थी एखादी नोंद शोधू शकतो, ऐकू शकतो आणि तिच्यातील वाक्य स्वतःच्या लेखनात उद्धृतही करू शकतो.

४. सुगम चौकट, दुर्गम मजकूर :
राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी एक सामाईक आराखडा विकसित केला असून त्याच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. हिंगोलीसह अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे या आराखड्यावर उभी आहेत. मुख्य मजकुराकडे थेट जाण्याचा दुवा, अक्षरे लहानमोठी करण्याची सोय, मराठी व इंग्रजी अशा दोन भाषा, ही त्याची वैशिष्ट्ये स्वागतार्ह होत. परंतु पानाची चौकट सुगम झाल्याने आत ठेवलेला कागद सुगम होत नाही.

आपल्या कार्यालयीन व्यवहाराची रीत सर्वपरिचित आहे. पत्र संगणकावर टंकलिखित होते, छापले जाते, त्यावर सही व शिक्का होतो, मग ते स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर चढवले जाते. सुरुवातीला जो मजकूर संहिता होता त्याचे शेवटी छायाचित्र बनते. भरतीची जाहिरात, गुणवत्ता यादी, परीक्षेचे वेळापत्रक, म्हणजे ज्या कागदावर कोणाचे तरी वर्ष अवलंबून असते, नेमके तेच कागद या मार्गाने जातात. सहीमुळे कागदाला अधिकृतपणा येतो हे खरे. पण सही केलेल्या प्रतीसोबत मूळ संहिता ठेवण्यास कोणतीही अडचण नसावी.

अर्ज भरण्याच्या टप्प्यावर अडचण आणखी वाढते. चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट, ध्वनिपर्याय नसणे, रकान्यांना नावे नसणे, ठरावीक वेळेनंतर पान आपोआप बंद होणे यांमुळे दृष्टिबाधित विद्यार्थ्याला ई-सेवा केंद्रावर जावे लागते. तेथे तो आपला पासवर्ड, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक दुसऱ्याच्या हाती देतो. अर्ज भरला जातो, म्हणून काम झाले असे आपण समजतो. त्याची गोपनीयता मात्र त्या टेबलावर राहते. सुगम्यतेचा संबंध सोयीइतकाच स्वायत्ततेशी आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

५. उच्चाराचा प्रश्न :
मजकूर युनिकोडमध्ये असला तरी पान कोणत्या भाषेत आहे याची अंतर्गत नोंद करावी लागते. ही नोंद डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती सर्रास राहून जाते. मराठी पानावर इंग्रजीची नोंद असेल तर काही ध्वनिप्रणाली देवनागरी मजकूर गाळतात, काही अक्षरे सुटी सुटी उच्चारतात. हिंदी आवाजात मराठी वाचले गेले तर अर्थ बहुधा कळतो, परंतु भाषा बिघडते. ‘चंद्र’ आणि ‘चांगला’ यांतील च वेगळे आहेत, ‘जीवन’ आणि ‘जाळे’ यांतील ज वेगळे आहेत. लिपीत हा भेद दिसत नाही, तो मराठी भाषकाला माहीत असतो. म्हणून मराठीसाठी मराठीच आवाज हवा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत एक गुरू आहे आणि एक स्वयंपाकी आहे. डोळस वाचक संदर्भावरून चूक सुधारून घेतो. चुकीचे टंकलेखन ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र चुकीचेच येते. शुद्धलेखनाचा आग्रह हा अनेकांना पंडिती वाटतो. या वाचकाच्या संदर्भात तो व्यवहाराचा भाग ठरतो.

६. कायदा आणि वास्तव :
भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा करार २००७ मध्ये स्वीकारला. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील आशय सुगम स्वरूपात असावा असे म्हटले आहे. त्याखालील २०१७ च्या नियम १५ मध्ये तर संकेतस्थळावरील दस्तऐवज ईपब किंवा अक्षरे ओळखता येणाऱ्या पीडीएफ स्वरूपात असावेत, असा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे आपल्याला काय करायला हवे हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही.

राजीव रतुरी यांच्या २००५ पासूनच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने याच नियमाच्या पहिल्या पोटनियमावर बोट ठेवले. मूळ कायदा बंधनकारक असताना हा पोटनियम केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा आहे, म्हणून तो कायद्याशी विसंगत ठरवण्यात आला आणि किमान बंधनकारक मानके ठरवण्याचा आदेश केंद्र शासनाला देण्यात आला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. ग्रंथांच्या बाबतीतही कायद्याचा अडथळा उरलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रती करण्याची मुभा दिली आणि अशा प्रतींविषयीचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. अनुमती आहे, तंत्र आहे. मराठीत कमतरता आहे ती संहितारूप प्रतींची.

७. आपल्या संशोधनपत्रिका :
इतरांच्या संकेतस्थळांची चिकित्सा करताना स्वतःचे अंगण तपासणे क्रमप्राप्त आहे. महाविद्यालयांच्या मूल्यमापनासाठी नॅकने केलेल्या सातव्या निकषात रॅम्प, स्वच्छतागृह यांच्याबरोबरच सुगम संकेतस्थळ आणि स्क्रीन रीडर यांचाही समावेश करण्यात आला होता. रॅम्पचे छायाचित्र जोडता येते, म्हणून तो बांधला जातो. संकेतस्थळाची सुगम्यता छायाचित्रात येत नाही. परिणामी मुखपृष्ठावर अक्षरे मोठी करण्याचे बटण बसवून ती बाब पूर्ण झाल्याची नोंद होण्याची शक्यता राहते.

संशोधनपत्रिकांची स्थितीही याहून वेगळी नाही. शोधनिबंध अमुक टंकात, तमुक आकारात पाठवावा, अशी सूचना आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आणि तो टंक बहुधा जुनाच असे. त्या सूचनेनुसार लिहिलेले मराठीतील असंख्य निबंध आज पीडीएफच्या रूपात उपलब्ध असूनही शोधात सापडत नाहीत आणि ऐकता येत नाहीत. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल.चा प्रबंधही जुन्या टंकातच आहे. अपंगांच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध अपंग संशोधकालाच वाचता येऊ नये, याला विसंगती म्हणण्यापलीकडे शब्द नाही.

८. काही आक्षेप :
पहिला आक्षेप असा घेतला जातो की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता छायाचित्रातील मराठी मजकूरही ओळखता येतो, तेव्हा हा प्रश्न लवकरच संपेल. ही प्रगती निश्चितच मोलाची आहे आणि जुन्या ग्रंथांच्या बाबतीत तिला पर्याय नाही. तथापि शिक्क्याखाली दबलेली ओळ, तक्त्यातील रकाने, अस्पष्ट जोडाक्षर येथे ती चुकू शकते. कादंबरीतील एक अक्षर चुकले तर चालते, गुणवत्ता यादीतील बैठक क्रमांकाचा एक अंक चुकला तर चालत नाही. शिवाय जो मजकूर आपल्याकडे संहिता म्हणून होता, त्याचे चित्र करून पुन्हा संहिता करण्याचे काम वाचकावर का टाकावे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे. महाविद्यालयात असा एखादाच विद्यार्थी असतो, त्याने सोबत कोणाला तरी आणावे, असे सहज म्हटले जाते. यासंदर्भात याच जिल्ह्यातील एका आख्यायिकेचे स्मरण होते. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. औंढा नागनाथ येथे देवळासमोर कीर्तन करण्यास मनाई झाल्यावर नामदेव देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. आख्यायिकेचा ऐतिहासिक विचार येथे अभिप्रेत नाही. परंतु वळायचे कोणी, बाहेर ठेवलेल्या एकट्या माणसाने की वास्तूने, याविषयी या मातीतील लोकांनी आपले उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

निष्कर्ष :
१) मराठी संकेतस्थळांच्या सुगम्यतेची पहिली अट मजकूर युनिकोड संहितेत असणे ही आहे. इतर सर्व सोयी तिच्यानंतर येतात.
२) सही-शिक्क्याच्या स्कॅन प्रतीसोबत मूळ संहितारूप प्रत देण्याचा प्रघात कार्यालयांनी व महाविद्यालयांनी पाडावा. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही, कारण ती प्रत आधीच तयार असते.
३) प्रत्येक पानावर मराठी भाषेची अंतर्गत नोंद, चित्रांना वर्णन आणि दुव्यांना अर्थपूर्ण नावे असावीत.
४) संशोधनपत्रिकांनी जुन्या टंकांतील हस्तलिखिते स्वीकारणे बंद करावे व मागील अंकांचे टप्प्याटप्प्याने रूपांतर करावे.
५) संकेतस्थळाची तपासणी दृष्टिबाधित विद्यार्थ्याकडून करून घ्यावी व त्या कामाचे त्याला मानधन द्यावे.
६) टंकलेखन, मुद्रण व मराठी विषयाच्या अभ्यासक्रमांत संहितेच्या साठवणुकीचे प्राथमिक ज्ञान समाविष्ट करावे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाबरोबर येणारी जबाबदारी जुन्या ग्रंथांच्या जतनापुरती मर्यादित नाही. आज लिहिले जाणारे मराठी ज्याला ज्या मार्गाने वाचता येईल, त्या मार्गाने त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. उपरोक्त विद्यार्थ्याला त्या वर्षी टिपणे मिळाली ती दोन संध्याकाळी उशिरा. परीक्षा जवळ नव्हती, म्हणून त्याचे नुकसान झाले नाही. अर्जाच्या अंतिम तारखेला मात्र अशी सवलत नसते.